दूध मागच्या गाडीनं

संगमनेरला मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. चेतासंस्थेचा धडा आला की बाईंना तास संपल्याची घंटाही ऐकू येत नाही, अशी माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, त्यांच्यामध्ये जराशी फट असते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा जेवढं नवल वाटलं होतं तेवढंच आजही वाटतं. निरोप विजेसारखा धावत पेशीच्या टोकाशी येतो आणि तिथे त्याची वाट संपते. पुढे पूल नाही. पण त्या टोकाशी बारीक बारीक पिशव्या भरून तयार असतात. निरोप आला की त्यांची तोंडं उघडतात, आतलं रसायन फटीत सांडतं, पलीकडच्या पेशीवर त्याच्या मापाच्या जागा असतात त्यांत जाऊन बसतं, आणि तिकडे निरोप पुन्हा धावायला लागतो. काम झालं की सांडलेलं गोळा करून परत ठेवायचं, म्हणजे पुढच्या निरोपाला जागा मोकळी. एवढं टापटिपीचं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. माझं तर नाहीच.

दरवर्षी एखादा मुलगा विचारतोच, "मॅडम, सरळ जोडूनच का नाही टाकल्या पेशी? एवढा खटाटोप कशाला?" हा प्रश्न आला की मला तो मुलगा लगेच आवडायला लागतो. मी सांगते, बाबा रे, सगळं थेट जोडलेलं असतं तर डास पायाला चावल्यावर तुझं अख्खं अंग उडालं असतं. फट आहे म्हणून कुठला निरोप पुढे पाठवायचा, कुठला तिथेच थांबवायचा, कुठल्याला जोर द्यायचा, हे ठरवता येतं. त्या फटीला सिनॅप्स म्हणतात. तू मला हा प्रश्न विचारलास तो तिच्या जिवावर.

हा धडा माहेरी मुक्कामाला येईल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं.

माझं माहेर कोल्हारजवळ, प्रवरेच्या काठाला. गावात नाही, वस्तीवर. ऊस, घास, मका आणि गोठा. तिथे आता दादा आणि वहिनी सगळं बघतात. दादाच्या संकरित गाई मशिनवर पिळल्या जातात, कॅन भरून डेअरीला जातात, सगळं झटपट. पण गोठ्याच्या शेवटच्या खुंटाला एक गावरान गाय आहे, काळी, आखूड शिंगांची, महाखट. ती आईची. ती मशिन जवळ येऊ देत नाही. दादाने एकदा हट्टाने लावून पाहिलं, तर मशिनचा पेला उकिरड्यात आणि दादा गव्हाणीत. वहिनींनाही तिने एकदा लाथ दिली होती, तेव्हापासून त्या तिच्या पुढून जातात, मागून नाही. ती पान्हा सोडायची फक्त आईच्या हाताला.

आईची धार म्हणजे बघत राहावं अशी. आधी वासरू सोडायचं, ते चार ढुशा देणार, मग त्याला ओढून बाजूला बांधायचं, सड पाण्याने पुसायचे, आणि चरवी गुडघ्यांत धरून बसायचं. मूठ बंद होई ती वरून खाली, एकेक बोट मिटत. वासराच्या तोंडाचा स्पर्श सडाला होतो, तिथून चेतापेशी निरोप घेऊन गाईच्या मेंदूपर्यंत जातात, मेंदू एक रसायन रक्तात सोडतो, ते कासेपर्यंत पोचतं आणि दूध उतरतं. हे मी पुस्तकात शिकले. आई एवढंच म्हणायची, "तिच्या मनात आलं म्हंजी देती." दोन्ही एकच, आणि मला दोन्हीचं सारखंच कौतुक आहे.

मग आईचा उजवा अंगठा हलायला लागला. ती नुसती बसली असली की अंगठा पहिल्या बोटावर घासत राहायचा. आम्हाला वाटलं, नामस्मरण वाढलं. हळूहळू चाल बारीक झाली, चेहऱ्यावरचं हसू उशिरा यायला लागलं, आणि धार काढताना मूठ अर्ध्यात अडकायला लागली. नगरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कंपवात. मेंदूच्या खोल भागात काही पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. हालचालीचे निरोप नीट पोचायचे तर त्या फटींमध्ये ते सांडावं लागतं. आईच्या त्या पेशी कमी होत चालल्या होत्या.

आईने बाहेर आल्यावर मला विचारलं, "म्हंजी माझ्या डोस्क्यात बिघाड हाय का हातात?"

मी म्हटलं, "हात चांगला आहे गं. निरोपच कमी पोचतोय."

"तेच तर मी म्हनती. मनात हाय, पन हात ऐकत न्हाई."

वर्गात एवढी वर्षं खडू झिजवून मी हे इतकं नेमकं सांगितल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. मला त्या गोळ्यांचंही अप्रूप वाटतं. डोपामिन तोंडाने घेऊन उपयोग नाही, मेंदू त्याला आत घेत नाही, दाराशीच अडवतो. म्हणून माणसाने काय युक्ती करावी, तर डोपामिन न देता त्याचा कच्चा माल द्यावा. त्याला मेंदू आत घेतो, आणि उरल्यासुरल्या पेशी आत त्याचं डोपामिन बनवतात. माझ्या आईच्या मेंदूत कुणीतरी असा शहाणपणाने माल पोचवतंय, ह्या विचाराने मला पहिल्या रात्री गाढ झोप लागली.

पण गोळी काही लागू पडेना. म्हणजे कधी पडायची, कधी नाही. एखाद्या दिवशी आई बरी हिंडायची, दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी आली की पाय जमिनीला डकवल्यासारखे. डॉक्टरांनी मात्रा वाढवून पाहिली. आईचा हट्ट असा की गोठ्यात जाणारच. शेवटी श्रावणात ती गाईपाशी बसता बसता कलंडली, डोकं गव्हाणीच्या दगडाला लागलं, टाके पडले. गाय जागची हलली नाही म्हणून बरं. दादा त्या दिवशी फार घाबरला आणि आमचा दादा घाबरला की चिडतो.

"दिवाळी झाली की ही गाय राहात्याला मावसभावाकडं जानार," तो म्हणाला. "जवर ती हाय तवर तू गोठ्यात जानार, आन् एक दिस आमाला तिथनं तुला उचलून आनावं लागंल."

आईने टाक्यांवरून पदर ओढून घेतला. मग म्हणाली, "दिवाळीपत्तुर थांब. माझा हात चालला तर ऱ्हाऊ दे. न्हाई चालला तर ने."

ती असं म्हणाली आणि मला तिचा राग आला. रडली असती, भांडली असती तर मी तिच्या बाजूने दादाशी दोन हात केले असते. तिने सरळ अटच घातली. त्या गाईशिवाय आई म्हणजे काय उरेल, ते मला बघायचं नव्हतं.

आणि मग आश्विनात आई सुधारली. दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले तर ती रस्त्यापर्यंत मला घ्यायला आली, चालत, हातात काठी असून ती टेकवत नव्हती. वहिनी म्हणाल्या, "देवीनं केलं ताई. नवरात्रात एक दिस पाय अडला न्हाई." वसुबारसेला तर वहिनींचा फोन, की आत्याबाईंनी, म्हणजे आईने, गाय-वासराची पूजा केली आणि नंतर बसून सगळी धार काढली. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिले. दादा मात्र त्यावरही म्हणाला होता, "आज बरं हाय. उद्याचं कुनी सांगावं?"

भाऊबीजेला मी वस्तीवर पोचले, तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. मला वाटलं, माझी वाट बघतेय. जवळ गेले तर कळलं, ती अडकली होती. पुढचा पाय उचलत नव्हता. तिने माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला आणि हसू काही लवकर आलं नाही.

"पाडव्यापसनं असंच हाय," दादा म्हणाला. "टेम्पोवाल्याला सांगून ठिवलंय. परवा सकाळी यिल."

थोड्या वेळाने पाय सुटला तेव्हा आई गोठ्याकडे न बघता आत गेली. मला रडू आलं, तेव्हा मी ओवाळणीच्या ताटाच्या निमित्ताने देवघरात जाऊन डोळे पुसले.

संध्याकाळी वहिनी आईची गोळी घेऊन आल्या. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पितळी पेलाभर दूध, वर बोटभर साय. आईने गोळी टाकली आणि दूध गटागट प्याली. मी सहज विचारलं, "जेवण झालं का तिचं?"

वहिनी दुखावल्या. "न्हाई ओ. डाक्टरनी उपाशीपोटी सांगितलंय, उपाशीपोटीच देती मी. एक दिस चुकले न्हाई."

"पण दूध?"

"दूध उपासाला चालतं की."

हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मीसुद्धा मान डोलावली. कारण आमच्या घरात दूध हे अन्न समजतच नाहीत. भाकरी खाल्ली म्हणजे खाल्लं. दूध प्यालं म्हणजे नुसता घसा ओला केला. पाहुणा पोट भरलंय म्हणाला तर आम्ही म्हणतो, मग दूध तरी घ्या. एकादशीला दूध चालतं, संकष्टीला चालतं, आणि औषध अंगात गरम पडतं म्हणून औषध तर दुधाबरोबरच घ्यायचं. डॉक्टरांनी उपाशीपोटी म्हटलं, आमच्या माणसांनी ते काटेकोर पाळलं, आणि रोज भरल्या पेल्याने मोडलं.

मान डोलावून झाली आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आई चातुर्मास पाळते, तिच्या सासूने घालून दिलेला. श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही. आश्विनभर तिने दुधाचा थेंब तोंडात घेतला नव्हता. गोळी पाण्याबरोबर घेत होती, वर गुळाचा कोरा चहा. पाडव्याला कार्तिक लागला, दूध पुन्हा सुरू झालं आणि पाय उंबऱ्याला चिकटले.

मी उठले, आणि बसले, आणि पुन्हा उठले. दादा म्हणाला, "काय झालं? इंचू चावला का?"

मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने दहा शंका काढल्या असत्या आणि टेम्पो आलाच असता. मी आधी निरांजन लावलं, त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं. तो खिशात हात घालायला लागला तर म्हटलं, "तसलं काही नको. गाय एकादशीपर्यंत ठेव. हीच माझी ओवाळणी."

पाटावर बसलेल्या भावाला नाही म्हणता येत नाही, हे आमच्याकडे लहान पोराला ठाऊक आहे. दादा ताटातल्या सुपारीकडे बघत बसला. मग म्हणाला, "तू लहानपनापासनं अशीच चाबरी हाय." त्याने तिथूनच टेम्पोवाल्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि मग हसायला लागले. "मी उपाशीपोटी म्हटलं होतं हो."

"आमच्याकडे दूध उपासाला चालतं, डॉक्टर."

ते म्हणाले, तुम्ही म्हणता तसंच असणार. गोळी साध्या पाण्याबरोबर द्या, पुढे तासभर काही नको, दूध-डाळ नंतर. दूध तोडू मात्र नका, हाडांना लागतं. मात्रा तीच ठेवा आणि मला येऊन दाखवा.

आता आईला सांगायचं होतं, आणि ते सोपं नव्हतं. जिने आयुष्यभर गोठा सांभाळला तिला जाऊन म्हणायचं, की तुझं दूध आड येतंय. अपेक्षेप्रमाणे ती बिथरली. "दुधानं आजपत्तुर कुनाचं वाईट झालंय व्हय? तुला बी दुधावरच वाढिवली. मास्तरीन झाली ती काय पान्यावर?"

मी तिच्या शेजारी ओट्यावर बसले. म्हटलं, "दूध वाईट नाही गं. ते पोटात गेलं की त्याचे बारीक तुकडे होतात. ते तुकडे आणि तुझी गोळी, दोघांना आतड्यातून रक्तात जायला दार एकच. पुढे मेंदूत शिरायलाही दार एकच. बाजाराच्या दिवशी एसटीला कसं होतं, तसं. दूध दांडगं, शंभर जणांचा घोळका. तुझी गोळी बिचारी एकटी, पिशवी धरून खालीच राहते."

आईने हे ऐकून घेतलं. तिचा अंगठा बोटावर फिरत होता. मग ती म्हणाली, "मंग गोळीला आदी बसव. दूध मागच्या गाडीनं यिल."

आता हे वाक्य मी वर्गात सांगते आणि ते माझ्या आईचं आहे हेही सांगते.

एकादशीच्या आदल्या दिवशी मी पुन्हा वस्तीवर होते. उजाडायच्या सुमारास आईने गोळी पाण्याबरोबर घेतली आणि ओट्यावर शाल गुंडाळून बसली. वहिनी दोनदा येऊन तिच्याकडे बघून गेल्या. मी डोळे मिटून बसले, कारण मला ते दिसत होतं. कच्चा माल रक्तातून वर चाललाय, दारातून आत शिरतोय, ज्या पेशी उरल्यात त्या तो उचलून घेतायत, पिशव्या भरतायत. जितक्या उरल्यात तितक्या. त्या पेशींना मी मनातल्या मनात हात जोडले. जीवशास्त्राच्या बाईने असं करू नये, पण केलं.

"चला," आई म्हणाली आणि उठली. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली आणि ओलांडून गेली.

दादा गोठ्याच्या दारात हाताची घडी घालून उभा होता. वासरू सोडलं, ओढलं, बांधलं. आई चरवी घेऊन बसली. मूठ मिटायला लागली, वरून खाली, एकेक बोट, पहिल्यापेक्षा सावकाश. पहिली धार चरवीच्या बुडाला वाजली. दादाने घडी सोडली, नाक शिंकरलं आणि म्हणाला, "टेम्पोवाल्याला सांगतो, नगं म्हनून." तो तिथून गेला कारण त्याला आमच्यासमोर उभं राहवेना, हे मला कळत होतं.

इथेच सगळं गोड झालं म्हणून मी थांबले असते. पण आठवड्याने नगरला दाखवायला गेलो तेव्हा आईने डॉक्टरांना सरळ विचारलं, "ह्ये असंच ऱ्हाईल ना?" डॉक्टर चांगले आहेत, त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, आजी, गोळी पेशी वाचवत नाही, उरलेल्यांना मदत करते. काही वर्षं बरी जातील. पुढे गोळीचा असर कमी वेळ टिकायला लागेल. परतीच्या वाटेवर आई गाडीच्या खिडकीतून उसाकडे बघत होती. मी काहीतरी दिलाशाचं बोलायला गेले, तर म्हणाली, "गप बस जरा. इचार करती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवरच होते. गोळी झाली, वाट बघून झाली, आई गोठ्यात गेली. वासरू बाजूला बांधल्यावर ती बसली आणि तिने हाक मारली, वहिनींना.

"ये. बस हितं."

"आत्याबाई, ती लाथ मारंल मला."

"माझा हात हाय वर. बस."

वहिनी जीव मुठीत धरून आईच्या अंगाला चिकटून बसल्या. आईने त्यांचा हात धरून सडावर ठेवला आणि वरून आपला हात ठेवला. गाईला लगेच समजलं. तिने मागचा पाय उचलला, शेपटी मारली आणि दूध वर ओढून धरलं. थेंब येईना. वहिनींनी हात काढायला बघितलं, आईने काढू दिला नाही. ती गाईशी बोलत राहिली, हळू, आम्ही तान्हे असताना आमच्याशी बोलायची त्या आवाजात, आणि वरच्या हाताने खालच्या हाताला मिटवत, उघडत राहिली.

"बोटं येकदम न्हाई. येकामागं येक. व्हय. आता तुझ्या हाताची वळख हुंदे तिला. मी हाय तवर हुंदे."

गाईने पाय खाली ठेवला. कास सैल झाली आणि धार आली, आधी बारीक, मग भरून. वहिनी श्वास रोखून पिळत होत्या. थोड्या वेळाने आईने आपला हात हळूच वरून उचलला आणि पदराखाली घेतला. गाईने मान वळवली नाही. वहिनींच्याही ध्यानात आलं नाही, त्यांचं सगळं लक्ष चरवीत होतं. धार चालूच राहिली.